भागाबाईचं खरेदीखत

कोर्टाच्या आवारात, पिंपळाखाली बसून, दोन साक्षीदारांसमोर आपली आई कायमची विकून टाकावी असं वाल्मीक तायडे सरांच्या स्वप्नातही नव्हतं. ते धुळ्याच्या देवपुरातल्या एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून रिटायर झालेले सभ्य गृहस्थ. आयुष्यात रद्दी विकतानासुद्धा त्यांचा हात जड व्हायचा. पण झालं ते तसंच झालं, आणि तेही स्टॅम्पपेपरवर, फोटो चिकटवून, अंगठ्याच्या शाईसकट.

मुळात दोष त्या कादंबरीचा. सरांची माय, भागाबाई, जुन्या काळी सावद्याला केळीचे घड डोक्यावर वाहून रेल्वेच्या वॅगनीत भरायची. नवरा लवकर गेला, पदरात एकच पोर, ते म्हणजे आपले सर. सरांनी बावीस वर्षं खपून मायवर तीनशे बारा पानं लिहिली आणि नाव ठेवलं 'चुंबळीखालचा माथा'. ओझ्याखाली डोक्यावर कापड गुंडाळून ठेवतात ती चुंबळ. समीक्षकांना मात्र त्यात फार खोल अर्थ सापडला. एका मासिकात 'दुःखाचा अखंड झरा' असं छापून आलं, ते कात्रण सरांनी लॅमिनेट करून घेतलं. कादंबरी खपली किती, हे कृपा करून विचारू नका. सरांच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा अजून नीट बंद होत नाही.

पण सरांना खरी टोचणी वेगळीच होती. जिच्यावर तीनशे बारा पानं लिहिली तिला अक्षर येत नव्हतं. म्हातारी चौऱ्याऐंशीची. पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं ते हातात घेतलं, मुखपृष्ठावरून पदर फिरवला आणि उशाशी ठेवून दिलं. सरांनी एकदा घसा खाकरून पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. म्हातारीनं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि शेवटी उसासा टाकला.

"बाई लई सोसते रे बापा. कोन हाये ती?"

सरांनी पुस्तक मिटलं. वय झालंय, विसरते, असं त्यांनी बायकोला, ज्योत्स्नाबाईंना सांगितलं. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "काल तर त्यांनी दूधवाल्याचे मागच्या महिन्याचे खाडे तोंडपाठ सांगितले." दुसरं प्रकरण काही त्यांनी वाचलं नाही.

मागच्या हिवाळ्यात म्हातारीला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर सरांना बाजूला घेऊन म्हणाले, हृदय थकलंय, आता आहेत तेवढे दिवस आनंदात ठेवा. सर डोळे पुसून खोलीत आले तर माय खाटेवर बसून मोसंबी सोलत होती. म्हणाली, "वाल्मीक, माह्या गोष्टीचा पिक्चर काहाले नाही काढत? मोतीबिंदू काढला, आता मले चांगलं दिसते. वाचता येत नाही, पाह्यता तं येईल." बस्स. त्या दिवसापासून सरांना एकच ध्यास लागला. माय जायच्या आधी तिला तिची गोष्ट पडद्यावर दाखवायची. पुढे जे जे काही घडलं, जी जी थप्पड सरांनी मुकाट खाल्ली, ती या एका गोष्टीपायी.

तर गल्ली नंबर चारमधले कापडाचे व्यापारी मिश्रीलालजी. धुळ्यात कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेला तो एकुलता एक माणूस. गल्ल्यावर बसून तीन दिवस वाचत राहिले म्हणे, गिऱ्हाईक उभं राहून परत गेलं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले ते आधी सावद्यालाच उतरले, केळीच्या आडतीत राहिले. "सरजी, तुमच्या आईनं वाहिलेले घड माझ्या आजोबांनी मोजले असतील," असं म्हणून त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले आणि पिक्चरला पैसा लावायचं कबूल केलं. दिग्दर्शक म्हणून त्यांनी जळगावचा भूपेंद्र आणला. भूपेंद्र अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढायचा. त्याच्या एका हळदीच्या गाण्याला नव्वद लाख प्रेक्षक मिळाले होते. सरांच्या कादंबरीला, कंपॉझिटर धरून, एकशे चाळीस.

"एकच अट," सर म्हणाले. "माझ्या पात्राला धक्का लागता कामा नये."

"लेखी करून टाकू ना सर," भूपेंद्र म्हणाला.

आणि इथेच माती खाल्ली. लेखी करायचं म्हणजे कोर्टापुढच्या दस्त लिहिणाऱ्याकडे जायचं, ही आपल्याकडची रीत. वकील महाग पडतो, आणि दस्तवाल्याचा कागद कसा भरगच्च दिसतो. त्या सद्गृहस्थाच्या आयुष्यात कादंबरी नावाची मिळकत पहिल्यांदाच आली होती. त्यानं चष्मा वर सरकवून विचारलं, "शेत आहे, प्लॉट आहे, का घर?" सर म्हणाले, "पात्र आहे." "भांडं?" "नाही हो. व्यक्तिरेखा. भागाबाई." त्यानं मान हलवली, खरेदीखताचा जुना मसुदा काढला, जिथे जिथे गट नंबर होता तिथे तिथे 'सदर भागाबाई' टाकलं आणि अर्ध्या तासात काम उरकलं. सरांनी वाचलं नाही का? वाचलं ना. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस. त्यांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या आणि खाली सही केली. दोन साक्षीदारांपैकी एक शेजारचे वना नाना होते. ते एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, सही करायची संधी सोडत नाहीत.

मानधन म्हणून शाल आणि नारळ मिळाला. नारळ नासका निघाला, तो भाग सोडा.

दुसऱ्या दिवसापासून अख्खी कॉलनी सल्लागार मंडळ झाली. वना नाना सकाळी दात घासत कंपाउंडच्या भिंतीशी आले. "सर, पिक्चरमा मारामारी शे का नही?"

"नाही हो नाना. एका सोशिक बाईची गोष्ट आहे ती."

"मंग लोके बसतीन कसाले?" नानांनी चूळ भरली. "निदान एक कानफटात तरी ठेवा. बाईनी मारेल कानफटात बठ्ठासले आवडस."

बाईनं मारलेली कानफटात सगळ्यांना आवडते, हे नानांचं मत ऐकून सर विषादानं हसले. त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं की नानांची ही सूचना भूपेंद्रनं आधीच लिहून घेतली होती, आणि एक नाही, चार कानफटात.

पहिली आहुती सुकटीची पडली. कादंबरीतलं चौथं प्रकरण म्हणजे सरांचा अभिमान. मजुरी मिळते त्या दिवशी भागाबाई मूठभर सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, आणते, पोराला पोटभर जेवू घालते आणि स्वतः रिकामी परात भाकरीनं पुसून खाते. मिश्रीलालजी सरांच्या घरी आले, चटईवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "सरजी, तो प्रसंग वाचून मी दुकानात रडलो. माझ्या बायकोला, कुसुमलतालाही वाचून दाखवला, ती पण रडली. पण आमच्या पैशानं चूल पेटणार आणि तिच्यावर सुकट शिजणार, हे आमच्यानं नाही होणार." माणूस इतक्या कळवळून बोलला की सरांना रागही नीट धरता येईना. ज्याचा त्याचा धर्म. सर म्हणाले, बरं, भरीत करू. मिश्रीलालजी आणखी खाली वाकले. वांगं त्यांच्या जैन घरात चालत नव्हतं, आणि पातीचा लसूण तर नाहीच नाही. शेवटी सर्वांच्या संमतीनं भागाबाई मजुरीच्या दिवशी कच्च्या केळीची भाजी करते असं ठरलं. सावद्याला केळी वाहणाऱ्या बाईनं आनंदाच्या दिवशी कच्ची केळी रांधणं म्हणजे समुद्रकाठच्या माणसानं सणाला मीठ चाटण्यातली गत. पण हे कोणाला सांगणार? भूपेंद्र म्हणाला, "सर, दिसायला सुकटीपेक्षा केळीची भाजी कलरफुल आहे."

नंतर वॅगन गेली. वॅगनीशिवाय भागाबाई म्हणजे काय? पण परवानगी काढायला सर स्वतः एका कचेरीत गेले. नाव घेत नाही, सगळ्या कचेऱ्या सारख्याच. तिथल्या साहेबांनी कादंबरी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "या बाई इथे माल भरत होत्या याला पुरावा काय?" सर म्हणाले, "मी स्वतः. मी तिथे गोणपाटावर झोपलेला असायचो." "म्हणजे तुम्ही विनापरवाना हद्दीत होता," साहेब म्हणाले आणि सरांकडून तसं लिहून मागायला लागले. सात वर्षांच्या वयात केलेल्या गुन्ह्याबद्दल बासष्टाव्या वर्षी खुलासा देण्याची सरांची तयारी नव्हती. वॅगनीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली. ट्रॉलीवर भूपेंद्रच्या चॅनेलचं नाव रंगवलेलं होतं.

शूटिंग सावद्याबाहेरच्या एका बागेत लागलं. सर धुळ्याहून एसटीनं, छत्री आणि कादंबरीची खुणा घातलेली प्रत घेऊन पोचले. पाहतात तर काय, हिरव्यागार बागेत पिवळीधमक केळी लोंबत होती. बाजारातून पिकलेल्या फण्या आणून सुतळीनं घडांना बांधल्या होत्या. "अहो, घड हिरवाच कापतात! पिवळा होईपर्यंत कोण ठेवतं? इथलं शेंबडं पोरही हसेल!" सर ओरडले. भूपेंद्र शांतपणे म्हणाला, "सर, पुण्याच्या माणसाला केळं पिवळं असतं हे माहीत आहे. त्याला कशाला घोळात घ्यायचं?" तेवढ्यात वानरांची टोळी आली आणि तिनं वादाचा निकाल लावला. अर्धं नेपथ्य तासाभरात खाऊन टाकलं. सरांना पंधरा दिवसांत झालेला तो पहिला आनंद होता.

मग भागाबाई आली. म्हणजे डिंपल. हळदीच्या त्या गाण्यात नाचलेली तीच. वय चोवीस, ओठांना लाली, डोक्यावर मखमलीची चुंबळ. सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांची भागाबाई काळी, किडकिडीत, ओठ घट्ट मिटलेली, मान ओझ्यानं कायमची डावीकडे झुकलेली. पान एकोणीसवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. पोरगी मात्र गुणी. पाया पडली आणि म्हणाली, "सर, मी पुस्तक वाचलं. अर्धं. पुढे वाचवेना, फार वाईट वाटायला लागलं." सरांना ही दाद आहे की तक्रार, ते कळलं नाही.

खरी ठिणगी पडली ती झोपडीच्या भिंतीवरून. कादंबरीत त्या भिंतीवर दोन फोटो आहेत, बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा. उपासमारीच्या दिवसांतही माय रोज पदरानं पुसायची ते. सेटवर त्या जागी बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर लटकत होतं.

"फोटो कुठे आहेत?"

"सर, उगाच कोणाच्या कमेंट येतात. बाई सगळ्यांचीच वाटली पाहिजे."

सुकट गेली तेव्हा सर गप्प बसले होते. वॅगन गेली, मान सरळ झाली, ओठांना लाली लागली, तरी गप्प बसले होते. पण आता ते सेटवरच्या बाजल्यावर जाऊन बसले. "ते फोटो नसतील तर ती बाई माझी माय नाही. माझी अट आहे. लेखी आहे."

भूपेंद्रनं पिशवीतून कागद काढला आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला. "सदर भागाबाई ही माझ्या वडिलोपार्जित मालकीची व कब्जेवहिवाटीची असून पूर्णपणे निर्वेध व बोजारहित आहे. ती तिच्या चतुःसीमेसह, झाड-झाडोरा, दगड-धोंडे, निधी-निक्षेप व जाण्यायेण्याच्या हक्कांसह तुम्हास कायम खरेदी दिली आहे. यापुढे तुम्ही तिचा मन मानेल तसा उपभोग घ्यावा. त्यास माझी अगर माझ्या वारसांची हरकत राहणार नाही." खाली सरांची सुवाच्य सही होती. ऱ्हस्व-दीर्घ सगळे बरोबर होते.

सेटवरची माणसं हसली. बावीस वर्षं मायचं दुःख अक्षर अक्षर वेचून मांडलं आणि मी ते दगडधोंड्यांसह विकून बसलो, असं सरांना वाटलं, आणि चारचौघांत त्यांना रडू फुटलं. मग डिंपल उठली. तिनं कॅलेंडर काढलं, सरांनी घरून पिशवीत घालून आणलेले दोन्ही फोटो घेतले आणि खिळ्याला सुतळीनं टांगले. ती भूपेंद्रकडे वळली. "दादा, फोटो राहतील. नाहीतर तुम्हीच नाचा घड डोक्यावर घेऊन." भूपेंद्र चरफडला, पण लाखो लोक जिच्यासाठी व्हिडिओ उघडतात तिच्याशी भांडून चालत नाही. त्यानं फक्त कॅमेऱ्यात फोटो पुसट ठेवले.

नाच? होय, नाच होता. घड डोक्यावर, चुंबळीवर तोललेला, हात सोडून, कंबर लचकवत. तेवढा तुकडा भूपेंद्रनं जाहिरात म्हणून आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला होता. आणि पिक्चरचं नाव 'बागेतली वाघीण'.

पिक्चर पहिल्यांदा दाखवला तो देवपुरातल्याच एका मंगल कार्यालयात, दुपारी बारा वाजता. त्यांनी मायला घरी ठेवायचे नाना बहाणे करून पाहिले. ऊन आहे, गर्दी आहे, डॉक्टर ओरडतील. म्हातारी नवं लुगडं नेसून, डोळ्यांत दोनदा औषध घालून, नऊ वाजल्यापासून ओट्यावर बसली होती. "माह्या पिक्चरले मीच नाही?" म्हणाली. शेवटी रिक्षात घालून नेलं आणि पहिल्या रांगेत, मिश्रीलालजींच्या शेजारी बसवलं.

सरांनी पिक्चर पाहिला नाही. ते खाली मान घालून कार्यालयाच्या फरश्या पाहत होते. कच्च्या केळीची भाजी आली तेव्हा मिश्रीलालजींनी रुमाल काढला. चौथी कानफटात बसली तेव्हा वना नानांनी मागून शिट्टी मारली. फोटोंची भिंत तीन सेकंद दिसली, आणि सरांना मायचा आवाज ऐकू आला, "ते पाह्य, आपले फोटो. वाकडेच टांगेल हायेत, घरी व्हते तसे." मग ढोल वाजला, नाच सुरू झाला. आता माय उठून जाईल, नाहीतर तिला काहीतरी होईल, या भीतीनं सरांनी मान वर केली. म्हातारी टाळ्या वाजवत होती. पडद्याच्या उजेडात तिचं बोळकं उघडं होतं आणि खांदे गदगद हलत होते.

परतताना रिक्षा पांझरा नदीच्या काठाला लागली तेव्हा सरांना राहवलं नाही. "माय, मला माफ कर. ती तू नव्हतीस. त्या लोकांनी तुझं पार मातेरं केलं. खरी तू माझ्या पुस्तकात आहेस."

म्हातारी बाहेर नदीकडे पाहत होती. "तुह्या पुस्तकातली तरी मी कुठी व्हती रे? तू वाचलं तवा मी इचारलं नाही का, कोन हाये ती म्हनून?"

सर रिक्षाची दांडी धरून तिच्याकडे वळले.

"वॅगन भरली का आम्ही बाया नाचत व्हतो," म्हातारी म्हणाली. "शेवटचा घड मी डोक्शावरच ठेवे आन् हात सोडून नाचे. मुकादम बोंबले, घड पडला तं मजुरी कापीन. एकदा बी नाही पडला. जत्रेत तंबूचा सिनेमा आला तं चोरून जात व्हतो. हासून हासून पोट दुखे आमचं. तू गोनपाटावर बसून टाळ्या वाजवे. सात वर्साचा व्हता तू. आठवत नाही?"

आठवत होतं. सरांना सगळं आठवत होतं, टाळ्यासुद्धा. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात तो नाच होता. दोन पानं होती. मग त्यांना वाटलं, सोसणाऱ्या बाईला ते शोभत नाही, वाचणाऱ्याचा जीव मायवरून उडेल, आणि त्यांनी ती दोन पानं स्वतःच्या हातानं फाडून टाकली होती. तेव्हा कोणताही कागद करावा लागला नव्हता.

घरी आल्यावर माय पलंगावर टेकली. ज्योत्स्नाबाईंनी चहा आणला. म्हातारीनं उशाजवळचं पुस्तक काढून सरांच्या हातात दिलं.

"घे. आता वाच. सोसते ते नको. हासते कुठी, ते वाच."

सरांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून उलटायला लागले. पन्नास झाली, शंभर झाली. माय कान देऊन बसली होती. दोनशेच्या पुढे कुठेतरी कादंबरीतल्या भागाबाईच्या ओठांवर हसू उमटल्यासारखं वाटलं, पण ते कडवट हसू होतं आणि पुढच्या ओळीत ती खोकत होती. ज्योत्स्नाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. चहावर साय धरली. तीनशे बारावं पान उलटून सरांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"नाही माय. नाही कुठे."

म्हातारीनं सायीचा चहा बाजूला सारला. मग आडवी झाली, उशी मानेखाली सारखी केली आणि सरांच्या खिशातल्या मोबाइलकडे बोट केलं.

"मंग राहू दे. तो नाच लाव."